न दिलेला निर्णय

एखादी गोष्ट करण्याचा अधिकार ज्याच्या हातीं आहे, त्यानें ती केलीही नाहीं आणि नाकारलीही नाहीं, तर त्यानें कांहीं केलें असें म्हणावें कीं नाहीं? प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गांत शोभणारा आहे खरा. परंतु आम्हांस तो सुचला तो राज्यपालाच्या पदाचा विचार करीत असतां.

इंग्रजी अमदानींतील मुंबईच्या गव्हर्नरापुढें हा प्रश्न फारसा नव्हता. १८१९ सालीं एल्फिन्स्टन त्या पदावर आला, तेव्हां राज्य करणें हेंच त्याचें काम होतें. पुढें १९३५ च्या कायद्यानें प्रांतांत जबाबदार मंत्रिमंडळें आलीं, तरी स्वतःच्या मतानें वागण्याचे कित्येक अधिकार गव्हर्नराजवळ उघडपणें राखून ठेवण्यांत आले. १९३७ च्या निवडणुकींनंतर या अधिकारांचा उपयोग होणार नाहीं असें आश्वासन काँग्रेसनें मागितलें, आणि तो वाद मिटेपर्यंत मुंबईंत धनजीशा कूपर यांचें अल्पमताचें मंत्रिमंडळ चाललें. जुलैंत बाळासाहेब खेर आले. १९३९ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं राजीनामा दिला, व ९३ व्या कलमान्वयें सारी सत्ता गव्हर्नराकडे गेली. ही सत्ता परकी होती, लोकमताला जुमानणारी नव्हती; परंतु बोल कोणास लावावयाचा याविषयीं लोकांच्या मनांत संदेह नव्हता.

स्वतंत्र भारताच्या घटनासमितीनें प्रथम, १९४७ मध्यें, राज्यपाल लोकांनीं निवडावा असें ठरविलें होतें. मग शंका आली कीं, लोकांनीं निवडलेला मुख्यमंत्री व लोकांनींच निवडलेला राज्यपाल एका म्यानांत कसे राहावयाचे? म्हणून १९४९ च्या मे महिन्यांत नेमणुकीचा मार्ग पत्करला गेला. राज्यपालास स्वतः होऊन करावयाचें असें कार्य नाहीं, मात्र कर्तव्यें आहेत, असा खुलासा डॉ. आंबेडकरांनीं त्या वेळीं केला. भेद सूक्ष्म आहे. इतका कीं, पुढें तो कित्येकांच्या हातून निसटला.

आमच्याच राज्यांतील गोष्ट घ्या. विधानपरिषदेंत साहित्य, विज्ञान, कला, सहकार व समाजसेवा या क्षेत्रांतील बारा जणांस राज्यपालानें नेमावयाचें असतें. (यादींत साहित्य पहिलें आहे, नेमणुकींत तें कितवें असतें, हा विषय आम्ही येथें काढीत नाहीं.) २०२० च्या नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें बारा नांवें पाठविलीं. त्यांवर होकार आला नाहीं, नकारही आला नाहीं. २०२१ च्या ऑगस्टांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, राज्यपालास हुकूम करतां येत नाहीं. पण वाजवी मुदतींत निर्णय देणें हें त्यांचें कर्तव्य आहे, आणि आठ महिने ही मुदत पुरेशी होती. तरीही कागद हालले नाहींत. २०२२ च्या जूनअखेर तें मंत्रिमंडळ गेलें, आणि नव्या मंत्रिमंडळानें ती यादीच मागें घेतली. आतां पुसावें कीं, ही यादी कोणीं नाकारली? कागदोपत्रीं कोणींही नाहीं.

विरुद्ध बाजूस बोलण्यासारखें पुष्कळ आहे. बहुमत उतावीळ असतें. त्यास थोडें थोपविणारा कोणी असावा, हें आम्हांस मान्य आहे. विधेयक पुनर्विचारासाठीं सभागृहाकडे परत धाडण्याची मुभा २०० व्या कलमानें याच हेतूनें दिली. परंतु तें यथाशक्य लवकर परत धाडावें असेंही तेथेंच म्हटलें आहे, व सोबत संदेश जोडावयाचा आहे. म्हणजे थांबणाऱ्यानें आपण कशासाठीं थांबलों हें सांगावयाचें. जो हें सांगतो त्याच्याशीं वाद घालतां येतो. जो सांगत नाहीं तो काळाकडून काम करून घेतो आणि स्वतः निर्दोष राहतो.

न्यायालयासही ही गांठ सहज सुटली नाहीं. २०२५ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनीं मुदती आंखून दिल्या, आणि तामिळनाडूच्या अडून राहिलेल्या दहा विधेयकांस संमति मिळालीच असें मानलें. त्याच वर्षीं २० नोव्हेंबरला पांच न्यायाधीशांनीं मत दिलें कीं, घटनेंत नसलेली मुदत न्यायालयास घालतां येत नाहीं, व संमति मिळाली असें गृहीतही धरतां येत नाहीं. मात्र कारण न देतां दीर्घ काळ स्वस्थ बसणाऱ्यास निर्णय घ्या एवढें सांगतां येईल. काय निर्णय घ्या, हें नव्हे. कायदा म्हणून हें आम्हांस पटतें. मनाचें समाधान होतें असें मात्र नाहीं.

आणि हें लिहितांना आम्हांस फार उंच आसनावर बसण्याचा अधिकार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याचा फीमाफीचा अर्ज शिफारशीसाठीं आमच्या टेबलावर आला होता. मुलगा हुशार होता, पण वर्गांत क्वचित् दिसे. शिफारस करावी असें वाटेना. नाहीं म्हणण्याचें धैर्यही होईना. चौकशी करूं, मग पाहूं, असें म्हणून आम्ही तो अर्ज एका फायलींत ठेवला. चौकशी केली नाहीं. मुदत टळली. पुढच्या सत्रांत हजेरीपत्रकावर त्या मुलाचें नांव नव्हतें. तो पहांटे दुधाची लाइन टाकून मग कॉलेजांत येत असे, हें आम्हांस शिपायाकडून कळलें.

त्याला आम्ही नकार दिला नव्हता. फाईल आवरतांना तो अर्ज मध्यंतरीं हातीं आला. सहीची जागा कोरीच होती.