पाटाच्या उताराने

पाय जमिनीला टेकवा. खांदे सैल सोडा. श्वास मोजू नका, फक्त येऊ द्या. आपल्याला एका पाटाच्या कडेने सायकल चालवायची आहे, आणि पाटाच्या पाण्याला घाई नसते. तेव्हा हे वाचतानाही घाई नको. परिच्छेद संपला की थोडं थांबा, मग पुढे या.

हा पाट दक्षिण फ्रान्समध्ये, लोरागे नावाच्या गव्हाच्या आणि सूर्यफुलांच्या मुलखात आहे. सोर नदीवर पों-क्रूझे इथे त्याचा उगम. तिथून रव्हेल गावाजवळून, शेतांच्या कडाकडाने तो सुमारे 38 किलोमीटर वाहतो आणि नोरूझच्या खिंडीत पोचतो. त्याचं नाव रिगोल द ला प्लेन, म्हणजे मैदानातला पाट. काठाने माती-खडीची अरुंद वाट आहे, वर झाडांची सावली आहे. मोटारी या वाटेवर येत नाहीत.

रव्हेलहून निघू. 1342 मध्ये वसवलेलं हे बाजारगाव. चौकात लाकडी खांबांवर उभं असलेलं बाजाराचं मोठं छप्पर आहे. ते मागे टाका. गावाबाहेर पोर-लुई नावाचं पाण्याचं छोटं कुंड लागेल. तिथे सायकल झाडाला टेकवा. चाकं रुंद आहेत ना, ते पाहा. टायरमधली थोडी हवा सोडा. टणक चाक प्रत्येक खड्याशी भांडतं. थोडं मऊ चाक खडा पोटात घेतं आणि पुढे जातं. आता बसा आणि पहिलं पॅडल मारा.

आधी आवाज ऐका. चाकाखाली खडी वाजते आहे, चाळणीत ज्वारी फिरावी तशी. वेग वाढवलात तर खडे उडतील आणि आवाज फाटेल. वेग कमी केलात तर तो एकसारखा होईल, आणि त्याच्या खाली दुसरे आवाज मोकळे होतील: पानांचे, पाण्याचे, दूरच्या ट्रॅक्टरचे. ज्या वेगात हे सगळे आवाज एकत्र ऐकू येतील, तो आजचा वेग. तो सापडेपर्यंत दुसरं काही करू नका.

आता मानेकडे लक्ष द्या. वाहत्या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याचा एक कान कायम पाठीमागे असतो. ट्रक किती जवळ आला, हॉर्न कुणाचा, कडेला किती सरकायचं. ही राखण इतकी अंगवळणी पडते की ती आपण करतो आहोत हेही कळत नाही. इथे मागून काही येणार नाही. तरी कान लगेच विश्वास ठेवणार नाही. त्याला किलोमीटर-दोन किलोमीटर द्या. मग एका वळणावर मान आपोआप सैल होईल. सायकलवर नसतानाही तुमचा एक कान पाठीमागे कशासाठी लागलेला असतो, ते त्या वेळी पाहा. नुसतं पाहा. उत्तर शोधायची गरज नाही.

आता पाण्याकडे वळू. पाट रुंद नाही, तीन-चार पावलांत ओलांडून होईल. पाणी वाहतंय की थांबलंय, हे पहिल्या नजरेला कळतही नाही. एखादं गळलेलं पान शोधा आणि त्याच्या चालीने थोडा वेळ चला. पान जातंय, पण संथ. हा संथपणा आपोआप आलेला नाही. उतार जास्त दिला असता तर पाण्याने काठ खाल्ले असते, आणि खिंडीपर्यंतची उंची वाटेतच संपली असती. कमी दिला असता तर पाणी शेवाळून बसलं असतं. कुणीतरी हा उतार मोजून, जपून, सबंध वाटभर पुरवून वापरला आहे. म्हणून पाट सरळ जात नाही. टेकडी आली की तिच्या कुशीतून वळतो, आणि वाटही त्याच्यासोबत वळते. तुमच्या पायांना जो हलकेपणा जाणवतोय, तो साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी केलेल्या मोजमापाचा आहे.

ते मोजमाप कशासाठी होतं? अटलांटिक आणि भूमध्य हे दोन समुद्र फ्रान्सच्या आतून जोडणारा कालवा काढावा, ही कल्पना खूप जुनी. अडचण एकच होती. कालवा मधल्या उंचवट्यावरून जाणार, आणि उंचवट्यावर पाणी नाही. पिएर-पोल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, 1662 मध्ये, त्याने मंत्री कोलबेरला आपली योजना लिहून पाठवली. ज्याला पुढे लोक मिदीचा कालवा म्हणू लागले, त्याचं मर्म त्या योजनेत होतं: उत्तरेकडच्या काळ्या डोंगरातले ओढे अडवायचे आणि पाटाने नोरूझला आणायचे. डोंगराचं पाणी कुठे, किती आणि कोणत्या महिन्यात असतं, हे सांगायला रव्हेलचा पिएर कांपमास त्याच्यासोबत होता. गावाच्या पाण्याची देखभाल करणारा माणूस. आपल्याकडे पाटकऱ्याला जशी पाटाची नस ठाऊक असते, तशी त्याला ओढ्यांची ठाऊक होती.

राजाची मंजुरी मिळण्याआधी, 1665 मध्ये, एक चाचणीचा पाट खणला गेला. पाणी खिंडीत पोचलं. त्यानंतरच, 1666 मध्ये, कालव्याचा हुकूम निघाला. पुढे कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं होती, आणि त्यांत बायकाही होत्या. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. ज्या काठावर तुमचं चाक फिरतंय, तिथली माती टोपल्यांतून वाहून नेलेली आहे. एक श्वास त्यांच्यासाठी घ्या. सावकाश सोडा.

पुढे चला. ले तुमाझेस इथे लोदो ओढ्याचं पाणी पाटाला येऊन मिळतं. त्याच्या वरच्या अंगाला सें-फेरेओलचं धरण आहे. 1667 मध्ये त्याची पायाभरणी झाली. हिवाळ्याचा आणि वसंताचा पाऊस ते धरतं आणि कोरड्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवतं. म्हणजे भर उन्हात तुमच्या शेजारून जाणाऱ्या पाण्यात कधीकाळचा हिवाळा असू शकतो. हात बुडवता आला तर बुडवा.

झाडांच्या फटींतून शेतं पाहा. इथे एके काळी पास्तेल नावाचं रोप पिकायचं. त्याच्या पानांपासून निळा रंग निघे, आणि त्या रंगाने तूलूझच्या व्यापाऱ्यांनी वाडे बांधले. सोळाव्या शतकात धर्मयुद्धांनी या व्यापाराला धक्का बसला, आणि भारताकडून येणाऱ्या निळीने तो पुरता मागे टाकला. आपल्या मातीतल्या रोपाने इथल्या एका पिकाचा शेवट केला. आज त्या जागी सूर्यफुलं उभी आहेत, सगळी एका दिशेला तोंड करून. शेताला हे आठवत असेल का? प्रश्न तसाच राहू द्या आणि पॅडल चालू ठेवा.

वारा आलाच तर तो ओतां असेल, आग्नेयेकडून सुटणारा. तो दिवसेंदिवस वाहतो आणि डोकं भणभणून सोडतो, अशी इथल्या लोकांची तक्रार आहे. तुम्ही ईशान्येकडून येताय, म्हणजे तो बहुधा डाव्या अंगाला लागेल, आणि पाट वळला की तोंडावर. त्याच्याशी झुंजू नका. गिअर हलका करा, कोपर मोडा, उतरलेला वेग मान्य करा. पाटाचं पाणी वाऱ्यात वरून थरथरतं, मागे जाऊ पाहतं. खालून ते चाललेलंच असतं.

आणि आता नोरूझ. उंची जेमतेम एकशे नव्वद मीटर; डोंगराची खिंड म्हणावी असं डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण इथून पश्चिमेला गेलेलं पाणी अटलांटिकला जातं, पूर्वेला गेलेलं भूमध्याला. कालव्याच्या या माथ्याच्या एका टोकाला महासागराचं लॉक आहे, दुसऱ्या टोकाला भूमध्याचं. लॉक म्हणजे दोन दारांमधली पाण्याची कोठी. एखादी नाव माथा ओलांडून जाते, तेव्हा एक कोठीभर पाणी एका बाजूला उतरतं आणि एक कोठीभर दुसऱ्या बाजूला. ते परत वर येत नाही. दिवसभर नावा जात राहतात, माथा दोन्हीकडे देत राहतो.

सायकल आडवी ठेवा आणि झाडाखाली बसा. इथेच आजचं मनन आहे.

जो दोन्हीकडे देतो, त्याच्याकडे कुठून तरी येत राहावं लागतं. उंचीवर असणं म्हणजे भरलेलं असणं नव्हे. उलट, माथाच सर्वांत लवकर रिकामा होतो. तो टिकला आहे तो शेतांच्या कडेने गुपचूप येणाऱ्या त्या अरुंद पाण्यामुळे, ज्याच्याकडे नावेतल्या कुणाचं लक्षही जात नाही.

तुम्हीही कुठे तरी माथ्यावर असाल. एका बाजूला म्हातारे आईवडील, दुसऱ्या बाजूला मुलं. एका बाजूला काम, दुसऱ्या बाजूला घर. दारं उघडत राहतात आणि एक-एक कोठी उतरत राहते. स्वतःला विचारा: माझ्याकडे पाणी आणणारा पाट कोणता? एखादं माणूस असेल, एखादी सकाळची वेळ, एखादा राग, एखादं पुस्तक, एखादी चालायची वाट. नाव सापडलं तर मनात एकदा म्हणा. सापडलं नाही तर तेही पाहून ठेवा.

उठण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहा. रिकेने नोरूझला एक मोठं अष्टकोनी तळं खणवलं होतं. भोवती नगर वसवायचं त्याच्या मनात होतं. थोड्याच वर्षांत ते तळं गाळाने भरलं आणि सोडून द्यावं लागलं. आता तिथे गवत आहे आणि चिनारांची रांग आहे. पाटाने तळ्याला वळसा घातला आणि तो अजून वाहतो आहे, कारण त्याचा गाळ वरचेवर काढला जातो. रिके 1 ऑक्टोबर 1680 रोजी वारला आणि कालवा पुढच्या मे महिन्यात सुरू झाला. खिंडीत त्याच्या वंशजांनी स्तंभ उभारला आहे. पाटाला स्तंभाची गरज पडत नाही. त्याला वेळेवर काढलेला गाळ पुरतो.

ज्या पाटाचं नाव तुम्ही मघाशी मनात घेतलंत, त्याचा गाळ शेवटचा कधी काढला होता?

आता सायकल उचला आणि आल्या वाटेने परत फिरा. येताना पाणी सोबत होतं, जाताना ते समोरून भेटेल. उतार इतका थोडा आहे की पायांना चढ जाणवायचा नाही. खडीचा तोच आवाज पुन्हा सुरू होईल. समोरून एक पान येईल. त्याला वाट द्या.