शिवेबाहेरचा देव

ग्रामदेवता शिवेला, म्हणजे गावाच्या हद्दीला, बांधलेली आणि कुलदैवत वंशाबरोबर हिंडणारे, असा भेद लोकधर्म करतो. मात्र पर्जन्यछायेतील माण तालुक्यातून मुंबईत परळ-लालबागच्या गिरण्यांत आलेल्या कामगारापुढे तो नुसता शास्त्रार्थ राहिला नाही. चाळीतल्या देव्हाऱ्यात कुलदैवताचा टाक, म्हणजे मूर्ती उठवलेला चांदीचा वा तांब्याचा बोटभर पत्रा, हळदीने माखून बसला. ग्रामदेवतेचा शेंदराचा तांदळा, म्हणजे अवयवहीन पाषाण, गावीच राहिला, कारण जागेवरून हलवला की तो निव्वळ दगड. माणमधल्या म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला रजा टाकून जाणे ही म्हणूनच केवळ हौस नव्हे. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेकांनी गाव गाठले. देव तिथेच होता, पाऊस पूर्वीसारखाच बेभरवशाचा.