पाळणे

उत्तर कोलकात्यात बागबाजारजवळच्या गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी सकाळी बाजार भरतो. रोपं, कुत्र्यांची पिल्लं, पक्षी, आणि पाण्याने फुगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांमधले मासे. दोन वर्षांपूर्वी मी अप्पांना घेऊन तिथे गेले होते. आई गेल्यावर साताऱ्याचं घर बंद करून ते नुकतेच माझ्याकडे राहायला आले होते. बंगाली कळत नव्हती, दुपार सरत नव्हती. त्यांच्यासमोर काहीतरी हलतं-फिरतं असावं म्हणून मी माशांची टाकी घ्यायचं ठरवलं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. विक्रेत्याने ती मोठ्या उत्साहाने भरून दिली: चार गोल्डफिश, सहा टेट्रा, दोन एंजल आणि एक काळपट सकर. हा सकर टाकी साफ ठेवतो, असंही त्याने सांगितलं. अप्पांनी एक पिशवी उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “छान आहेत. ह्यांना विचारलंस का?”

मी हसले.

पहिल्या आठवड्यात दोन टेट्रा मेले. प्रवासाने दमले असतील, अशी मी समजूत घातली. तिसऱ्या आठवड्यात पाणी गढुळलं आणि मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. मग मी कुठल्याही नीटनेटक्या घरात होईल तेच केलं. सगळं पाणी काढलं, तळाचे खडे चोळून धुतले, फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला आणि टाकी पुन्हा काठोकाठ भरली. काच आरशासारखी चमकत होती. पुढच्या तीन दिवसांत आणखी सहा मासे मेले.

अप्पांनी चौतीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात काढली. ते म्हणाले, “नळाला पाणी सोडताना आम्ही क्लोरीन कशाला घालायचो? जंतू मरावेत म्हणून. तू त्याच पाण्याने स्पंज धुतलास.”

त्या रात्री मी वाचायला बसले. माशाच्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. नदीत तो वाहून जातो, पसरतो, वनस्पती तो शोषून घेतात. पन्नासेक लिटरच्या पेटीत तो जाणार कुठे? तिथे काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही द्रव्यं माशांना घातक, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू खड्यांवर, काचेवर आणि सर्वांत जास्त फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी पहिल्याच दिवशी तेरा मासे सोडले होते, आणि तीन आठवड्यांत जी थोडीफार वस्ती जमली होती ती मळ समजून धुऊन टाकली होती. मासे पाळायचे म्हणजे आधी हे न दिसणारे जीव पाळायचे, आणि ते मला कुणी पिशवीत घालून विकलेले नव्हते.

मला त्रास झाला तो माशांच्या मरण्याइतकाच माझ्या हेतूच्या निरुपयोगीपणाचा. आपल्याकडे माणसाला क्षमा करताना त्याचा हेतू पाहतात. ‘मनात वाईट नव्हतं’ म्हटलं की अर्धा अपराध धुतला जातो. पण मासे माझ्या मनात राहत नव्हते, माझ्या पाण्यात राहत होते. नदीतल्या माशाला दुसरीकडे जाता येतं. टाकीतल्या माशाला मी जे पाणी देईन तेच त्याचं हवापाणी, तोच त्याचा मुलूख. जो जीव आपण पूर्णपणे आपल्यावर अवलंबून करून ठेवला, त्याच्याशी चांगलं वागणं शक्य आहे का? असेल तर ते कशाने मोजायचं? माझ्या मायेने नक्कीच नाही. माया त्या स्पंजलाही लागली होती.

ज्याला आपण आज टाकी म्हणतो तिची कल्पनाच मुळी एका सुंदर आशेतून आली. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही रिबिनीसारख्या पानांची पाणवनस्पती. वनस्पती प्राणवायू देईल, मासे तिला खत देतील, भांडं आपलं आपण चालेल. पण जुनी पानं कुजू लागली आणि पाणी बिघडलं. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेली पानं खाल्ली आणि भांडं सावरलं. त्यातून ‘संतुलित टाकी’ची कल्पना रुजली: एकदा जमवलं की पाण्याला हात लावायला नको.

ही आशा मोहक आहे, कारण ती पाळणाऱ्याला चित्राबाहेर ठेवते. पण रोज चिमूटभर अन्न बाहेरून पडतं तोवर नायट्रेट साचत राहतं, आणि नेहमीच्या घरगुती टाकीत ते झाडांनी खाऊन संपत नाही. कुणीतरी दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी काढून तेवढंच ताजं घालावं लागतं. त्या संतुलनातला एक प्राणी काचेच्या बाहेर बादली घेऊन उभा असतो. तो आजारी पडला, गावाला गेला किंवा कंटाळला की संतुलन संपलं.

मी बंगालीतून मराठीत भाषांतरं करते, त्यामुळे हा सगळा गुंता माझ्यासाठी एका क्रियापदात येऊन अडकला. बंगालीत मासा ‘पोषतात’. पोषण करतात, आपल्या ‘पोसणे’सारखं. दिलेला शब्द मात्र ‘राखतात’. दोन कामं, दोन क्रियापदं. मराठीत आपण मासे पाळतो आणि शब्दही पाळतो. नियम पाळतो, पथ्य पाळतो, वेळ पाळतो, सुतकसुद्धा पाळतो. या वाक्यांना मी इतकी सरावले होते की त्यांतलं नातं मला कधी जाणवलं नव्हतं. पोसणे म्हणजे देणे; जितकं जास्त द्याल तितकं जास्त पोसलंत. पाळण्यात मोठा वाटा न करण्याचा असतो. पथ्य पाळणारा काय खात नाही हे महत्त्वाचं. टाकीचं पथ्यही असंच आहे: दोन मिनिटांत संपेल त्याहून जास्त अन्न नाही, एका वेळी सगळं पाणी बदलणं नाही, स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळून, आणि मासे थोडे. मी पोसत होते. पाळायला शिकले नव्हते.

‘मासे थोडे’ हे सगळ्यांत अवघड. रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटते. पुढे एका दुकानात मला मिस केरला दिसला. अंगावर लाल पट्टा, खाली काळी रेघ, शेपटीला पिवळा-काळा ठिपका. पश्चिम घाटातल्या, केरळ-कर्नाटकातल्या वाहत्या स्वच्छ ओढ्यांतला हा मासा. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती केली आणि तिला नाव दिलं ‘सह्याद्रिया’. साताऱ्याच्या मुलीला कोलकात्यात सह्याद्री भेटावा तो काचेत! पण हा मासा वीतभर वाढतो, थव्याने राहतो, प्रवाहाविरुद्ध पोहतो. शोभेच्या बाजारासाठी तो ओढ्यांतून इतका उपसला गेला की आज त्याची गणना धोक्यातल्या जातींत होते. आता तो तळ्यांतही पैदा करतात, पण समोरचा कुठला, हे दुकानदाराला सांगता आलं नाही. माझ्या दोन फुटांत त्याला मी सह्याद्रीचं फक्त नाव देऊ शकले असते. घेतला नाही. घ्यावासा वाटला नाही, असं मात्र म्हणणार नाही.

यावर एक मित्र म्हणतो, नदीत त्याला खंड्या खातो, उन्हाळ्यात डबकं आटतं. तुझ्याकडे निदान सुरक्षित आहे. यात तथ्य आहे, पण सुरक्षिततेचा हा हिशेब नेहमी कोंडणाराच मांडतो. दुसरा मित्र म्हणतो, मग सोडून दे, पापच नको. इथे मला तो सकर आठवतो. बोटाएवढा विकला जाणारा हा दक्षिण अमेरिकेचा मासा फुटाहून मोठा होतो. टाकीत मावेना की लोक त्याला दयाबुद्धीने तळ्यात सोडतात. आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात, जिथे शहराच्या सांडपाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासे वाढवले जातात, तिथे सकर मुबलक झाला आहे आणि मच्छीमारांच्या जाळ्यांना आणि धंद्याला त्रास देतो. सोडणाऱ्याला मोकळं वाटलं असेल. पण एकदा जीव हातात घेतल्यावर हात झटकणं हीसुद्धा एक कृतीच असते, आणि तिचं फळ दुसऱ्या कुणाच्या जाळ्यात अडकतं. माझा सकर मी मोठी टाकी असलेल्या एका ओळखीच्या घरी पोचवला. उरलेले दोन गोल्डफिशही तिथेच गेले.

आज टाकीत पाच चुना खलिशे आणि सात झेब्रा आहेत. दोन्ही मासे फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर लिहिलेल्या ग्रंथात नोंदवले आहेत. म्हणजे याच पाणवठ्यांतले. त्यामुळे ते घरीच आहेत असा दावा मी करत नाही. हे बाजारातले, तळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले. त्यांना आणताना मी त्यांना विचारलं नव्हतं, आणि विचारता येणारही नव्हतं. म्हणूनच नियम पाळायचे. ज्याला विचारता येत नाही त्याला आपण दिलेला शब्द म्हणजे ते नियम. हे कोंडणं त्याने न्याय्य ठरतं की नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. हे मासे असेपर्यंत त्यांचं पाणी बदलत राहणं एवढंच माझ्या हातात आहे. त्यांच्यानंतर टाकी पुन्हा भरायची का, हे तेव्हा ठरवीन.

पण एक गोष्ट या टाकीपुढे बसल्याबसल्याच ध्यानात आली. माशांना विचारता येत नाही; अप्पांना येत होतं. साताऱ्याचं घर बंद करताना मी त्यांची औषधं, डॉक्टर, जिन्याचे कठडे सगळा विचार केला होता. विचारलं मात्र नव्हतं. मागच्या कार्तिकात एका रविवारी रात्रभर ठेवलेलं बादलीतलं पाणी ते टाकीत ओतत होते, तेव्हा मी विचारलं. ते लगेच बोलले नाहीत. बादली खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, “थंडीचे दोन महिने घर उघडावं म्हणतो. मग येईन.” इतके दिवस ते मनात ठेवून होते.

आम्ही दोघं जाऊन घर उघडून आलो. ते तिथे राहिले, मी परतले. त्या आठ दिवसांसाठी टाकी शेजारच्या काकीमांकडे सोपवली होती. त्यांचा हात मायेचा आणि सढळ आहे, म्हणून आठ दिवसांचं अन्न मी पुड्या बांधून ठेवलं होतं, एक दिवसाआड एक अशा चार. वर बंगालीत लिहिलं होतं: मासे भुकेलेले दिसतील, तरी यापेक्षा जास्त घालू नका.