फी भरतात, लाच खातात

लाच आणि फी. दोघी स्त्रीलिंगी, दोघी पैशानेच प्रसन्न होणाऱ्या. पण भाषेला फरक बरोबर कळतो. फी भरतात, लाच खातात. अमक्याने फी खाल्ली, असं कुणी म्हणत नाही.

आमच्या बँकेतली मंडळी म्हणतात, "त्यात काय एवढं? पावती मिळाली तर फी, नाहीतर लाच!" आम्हा कारकुनांचा व्हाउचरवर देवापेक्षा जास्त विश्वास. पण पावतीचं काही खरं नाही. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबाने 1819 साली त्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात मामलेदारांच्या हिशेबातल्या 'दरबारखर्च' ऊर्फ 'अंतस्थ' या बाबीची मोठी गंमत आहे. मुळात ही मंत्र्यांना आणि हिशेबतपासनिसांना गुपचूप द्यायची लाच. होता होता तिचा आकडा ठरून गेला, ती वहीत चढली आणि इतर खर्चाबरोबर रीतसर तपासलीही जाऊ लागली. लाचेची फी झाली! मग लाच थांबली म्हणता? छे! ठरलेलं ते हक्काचं झालं, वर वेगळं हवंच. त्यासाठी वसुली पुन्हा वाढली. भरणार कोण, तर रयत.

तर मग फरक कशात? रेल्वेचं तात्काळ तिकीट घ्या. 1997 पासून आपण त्याचे जादा पैसे मोजतो, कुरकुरतो, पण त्याला लाच म्हणत नाही. दर जाहीर, सर्वांना सारखा, पैसे रेल्वेच्या तिजोरीत. लाचेत मात्र आपलंच आपल्याला विकलं जातं. ज्या दाखल्यासाठी साहेबाला पगार मिळतो, तोच तो अडवून धरतो आणि सोडायचे पैसे घेतो. 1988 चा कायदाही कायदेशीर मोबदल्याखेरीज घेतलेल्या लाभावरच बोट ठेवतो. 2018 पासून तर देणाराही गुन्हेगार. जबरदस्तीने द्यावी लागली, तर सात दिवसांत कळवायचं.

पण कायद्याचं पुस्तक घेऊन कोण फिरतो? कल्याण-डोंबिवलीच्या माणसाचा जन्म रांगेत जातो, तेव्हा कसोटीही रांगेतलीच बरी. खिडकीत नोट सरकवण्याआधी एकदा मागे वळून पाहावं. मागे पेन्शनच्या कागदासाठी तिसऱ्यांदा आलेल्या आजी असतात. त्यांच्या देखत, मोठ्याने "हे घ्या पन्नास रुपये" म्हणता आलं, तर ती फी. आवाज आपोआप खाली आला, तर ती लाच. आणि तिची बाकी त्या आजी चौथा हेलपाटा घालून फेडणार.