चौकटीबाहेरची माणसं

कलाकृतीचं रूप तिच्या हेतूपासून वेगळं काढता येतं का, हा प्रश्न मराठी वाचकाला फडके-खांडेकरांच्या 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या वादामुळे जुनाच आहे. जर्मन चित्रपट-दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टालच्या बाबतीत मात्र तो माणसांच्या जिवापर्यंत पोचतो. सप्टेंबर 1934 मध्ये न्यूरेम्बर्गला भरलेलं नाझी पक्षाचं अधिवेशन तिने चित्रित केलं; त्यातून 1935चा 'ट्रायम्फ ऑफ द विल' तयार झाला. आपण घडलं ते टिपलं, राजकारणाशी आपला संबंध नव्हता, हे ती 2003 मध्ये, 101व्या वर्षी वारली तोवर सांगत राहिली.

हे म्हणणं पुष्कळांना पटलं. अमेरिकन समीक्षक सूझन सोंटॅगनेही 1965 मध्ये रीफेनश्टालच्या चित्रपटांना प्रचारापलीकडे जाणाऱ्या श्रेष्ठ कलाकृती मानलं. दहा वर्षांनी मात्र तिनेच रीफेनश्टालवर कठोर लेख लिहिला. रीफेनश्टालने पुढे काढलेल्या सुदानमधल्या न्यूबा लोकांच्या छायाचित्रांतही बलदंड देहाची तीच पूजा आहे, हे तिने दाखवलं. त्याहून मोलाचा मुद्दा दुसरा होता. अधिवेशनाची आखणीच मुळी चित्रीकरण लक्षात घेऊन झाली होती. कॅमेरा वर नेण्यासाठी ध्वजस्तंभाला लिफ्टसुद्धा बसवली होती. सोहळा आधी आणि चित्रण मागाहून, असा क्रमच नव्हता. मग 'टिपलं' कशाला म्हणायचं?

तरीही ही चर्चा पडद्यावरच्या प्रतिमांभोवतीच फिरत होती. नीना ग्लाडिट्झने 1982च्या माहितीपटात पडद्यामागे पाहिलं. 'टीफलांड' या चित्रपटासाठी रीफेनश्टालने छावण्यांतून सिंती आणि रोमा माणसं आणली होती, त्यांत लहान मुलंही होती. त्यांतल्या अनेकांना पुढे आउश्वित्झला पाठवलं गेलं. रीफेनश्टालने खटला भरला. ग्लाडिट्झ वादाचा भाग कापायला तयार झाली नाही आणि तिचा माहितीपट वर्षानुवर्षं लोकांपुढे आलाच नाही. वाचलेल्यांची साक्ष अडगळीत पडली, याची मला आजही चीड येते.

आंद्रेस फायेलचा 'रीफेनश्टाल' हा 2024चा माहितीपट तिच्याच संग्रहातून, सुमारे 700 खोक्यांतल्या कागदपत्रांतून, फितींतून उभा राहिला. पोलंडमधल्या कोन्स्किए गावी 1939 मध्ये झालेल्या ज्यूंच्या हत्याकांडाशी, तिथल्या चित्रीकरणासाठी दृश्यातून ज्यूंना हटवण्याच्या तिच्या सूचनेचा संबंध असावा, असं तो एका जुन्या पत्राच्या आधारे सुचवतो. हा पुरावा निर्णायक नाही, आणि इथे सावध राहायला हवं.

याच संग्रहातल्या टेलिफोनच्या फितींबाबत मात्र संशयाला जागा नाही. 1976 मध्ये जर्मन टीव्हीवरच्या चर्चेत तिच्याच वयाच्या एका कामगार स्त्रीने तिला जाब विचारला. त्यानंतर सामान्य जर्मन नागरिकांचे फोन आले ते रीफेनश्टालला धीर देणारे, तिची बाजू घेणारे. तिने ते ध्वनिमुद्रित करून जपले. तिचा बचाव इतका टिकला याचं कारण मला इथे सापडतं. तिला निर्दोष मानलं की फोन करणाऱ्यांनाही नाझी राजवटीतल्या स्वतःच्या त्या बारा वर्षांचा हिशेब द्यावा लागत नव्हता.