‘बहुधा’

‘बहुधा’ हा शब्द मनापासून वापरणारी माणसं तीनच प्रकारची. हवामान खात्यातली, संध्याकाळी किती वाजता घरी येणार ते सांगणारी नवरेमंडळी आणि मानसशास्त्राचे प्राध्यापक. पहिल्या दोघांवर कोणी फारसा विश्वास ठेवत नाही, त्यामुळे त्यांच्या हातून नुकसानही होत नाही. तिसऱ्यावर विश्वास ठेवायला लोक एका पायावर तयार असतात. अट एवढीच, की त्याने तेवढा ‘बहुधा’ वगळावा.

असे एक प्राध्यापक आमच्या खांदेश्वरला, आमच्याच इमारतीत राहतात. खांदेश्वर म्हणजे हार्बर लाइनवरचं पनवेलच्या अलीकडचं स्टेशन. शंकराचं देऊळ, त्याच्याजवळ तलाव, आणि बाकी सगळ्या इमारती. सकाळी गाडीत बसायला मिळालं तर मुंबईला पोचेपर्यंत चांगला सव्वा तास हाताशी असतो. या सव्वा तासात प्राध्यापक विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासतात, आणि महिन्यातून दोनदा त्याच सव्वा तासात एका पुरवणीसाठी ‘मन’ या विषयावर लेख लिहितात. मी शेजारी बसून एकदा डोकावलो. प्रबंधाच्या समासात त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं, ‘विधान फार ठाम. पुरावा?’ आणि त्यांच्या लेखावर संपादकांचा शेरा होता, ‘फार गुळमुळीत. ठाम करा!’ दोन्ही कागद एकाच पिशवीत, एकाच डब्याला टेकून. पिशवीला काय वाटत असेल कोण जाणे.

हा तिढा काही हार्बर लाइनवर सुरू झालेला नाही. अमेरिकेत विल्यम जेम्सनी बारा वर्षं खपून १८९० साली मानसशास्त्रावर दोन जाडजूड खंड लिहिले. मग त्यांना शाळामास्तरांपुढे व्याख्यानं द्यायला बोलावलं. त्यांचं पुढे १८९९ साली पुस्तकही झालं. मास्तरांना शास्त्रातल्या बारकाव्यांशी कर्तव्य नव्हतं. ‘उद्या वर्गात काय करू ते सांगा’ एवढंच त्यांचं म्हणणं. जेम्सनी सांगितलं पुष्कळ, पण आधी बजावून ठेवलं, की बाबांनो, या शास्त्रातून वर्गात वापरायची तयार पाककृती निघेल अशी आशा धरू नका. पुढे १९६९ साली जॉर्ज मिलर तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष असताना म्हणाले, की हे ज्ञान आपल्यापाशी कोंडून न ठेवता लोकांना देऊन टाकायला हवं. म्हणजे एक म्हणतो जपून द्या, दुसरा म्हणतो देऊन टाका. सत्यनारायणाच्या प्रसादावरून घराघरात होतो तसलाच हा वाद.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती टोपणनावाने. नंतर त्यांनी उजळ माथ्याने संशोधनही केलं आणि लोकांसाठी लेखनही केलं. पण नारळीकरांची एक सोय होती. कृष्णविवर मराठी वाचत नाही. त्याच्यावर कितीही लिहा, ते आपलं होतं तसंच राहतं. मानसशास्त्रज्ञ ज्याच्याविषयी लिहितो तो प्राणी मात्र चहा पिता पिता तोच लेख वाचत असतो, आणि वाचून झाल्यावर तो पूर्वीचा राहत नाही. कधी शहाणा होतो, कधी उगाचच घाबरतो. आणि घाबरला, तर सगळ्यात आधी घरातल्या लहान पोराला धरतो.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर हेच झालं. तिथल्या वहिनींनी कुठलासा लेख वाचला. लहान मुलापुढे खाऊ ठेवा. म्हणावं, आत्ता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन. जो थांबेल तो आयुष्यात पुढे जाईल. वहिनींनी लगेच आपल्या पाच वर्षांच्या चिरंजीवांपुढे बशीत पेढा ठेवला. चिरंजीवांनी तो चाळीस सेकंदांत संपवला. संध्याकाळी वहिनी त्याला हाताला धरून प्राध्यापकांच्या दारात.

“सर, ह्याचं पुढे कसं व्हायचं हो?”

गंमत अशी, की याच विषयावर लिहा म्हणून संपादक प्राध्यापकांच्या मागे लागले होते. ‘पुरावा तेवढा पक्का नाही’ म्हणून त्यांनी नकार दिला. मग दुसऱ्याच कोणी लिहिलं. त्या दुसऱ्याला पुराव्याची अडचण नव्हती.

प्राध्यापकांनी वहिनींना समजावायला घेतलं. मूळ प्रयोग वॉल्टर मिशेल यांचे, स्टॅनफर्डच्या बालवाडीतले. त्या मुलांचं पुढे काय झालं याचा शोधनिबंध १९९० साली आला, त्यात मोजकी मुलं होती. तिथून ही गोष्ट १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या भावनिक बुद्धिमत्तेवरच्या पुस्तकात गेली आणि जगभर झाली. मग २०१८ साली सुमारे नऊशे मुलांवर तेच पुन्हा तपासलं, तर परिणाम निम्म्यावर आला. आणि घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरल्यावर उरलेल्यातलाही दोन तृतीयांश गळाला. “तेव्हा बहुधा...” एवढं त्यांनी म्हटलं मात्र, वहिनी म्हणाल्या, “म्हणजे पास का नापास?”

तेव्हा प्राध्यापकांनी, इतका वेळ कोणालाच सुचलं नव्हतं ते केलं. चिरंजीवांना विचारलं, “काय रे राजा, थांबला का नाहीस?”

“परवा आई म्हणाली दोन चॉकलेटं देते, आणि एकच दिलं.”

यावरही संशोधन आहे! रॉचेस्टर विद्यापीठात २०१३ साली अठ्ठावीस मुलांवर हे पाहिलं होतं. ज्यांना मोठ्या माणसाने दिलेला शब्द पाळला ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं ती तीन. आमच्या चिरंजीवांना ते संशोधन न वाचताच कळलेलं होतं.

आता सांगा, यात चूक कोणाची? लिहिणाऱ्याची आहेच. पण पक्कं माहीत असूनही गप्प बसलेल्या विद्वानाला मी मोकळा सोडायला तयार नाही. शास्त्रज्ञ गप्प बसला म्हणून जागा रिकामी राहत नाही. आपल्या लोकलच्या डब्यात पाहा. ‘प्रेमात अपयश, नोकरी, गृहक्लेश, चोवीस तासांत शंभर टक्के गॅरंटी’ म्हणणाऱ्या बाबांच्या चिठ्ठ्या दाराशेजारी चिकटवलेल्या असतात. त्यात ‘बहुधा’ कुठे सापडतो का बघा. बाबांना कधी कोणी ‘ठाम करा’ म्हणून सांगावं लागलेलं नाही.

बरं, विद्वान तेवढे बावनकशी असंही नाही. २०१५ साली मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळचे सत्त्याण्णव छातीठोक होते. दुसऱ्या खेपेला छत्तीस टक्केच टिकले. म्हणजे ‘बहुधा’ पुरवणीत पोचायच्या आधी प्रयोगशाळेतच गळालेला होता. डॅनियल कानेमन यांच्यासारखा नोबेल मिळालेला माणूस. २०११ साली त्यांनी सामान्य वाचकांसाठी जाडजूड पुस्तक लिहिलं, ते हातोहात खपलं. २०१७ साली त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की त्यातल्या एका प्रकरणात आपण छोट्या छोट्या अभ्यासांवर नको इतका विश्वास टाकला होता. मला त्यांचा आदर नोबेलपेक्षा यासाठी अधिक वाटतो. छापून आलेला शब्द लोकांदेखत मागे घ्यायचा म्हणजे लग्नाच्या पंक्तीत वाढलेली जिलबी उचलण्यासारखं आहे.

आणि हे मराठीत जमतच नाही असंही नाही. मनोविकारतज्ज्ञ आनंद नाडकर्णींनी १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था काढली आणि लिहीत-बोलतही राहिले. मानसशास्त्रज्ञ अंजली जोशींनी अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञावर चक्क कादंबरी लिहिली. लोकांना समजेल असं लिहिलं म्हणजे शास्त्र बाटतं, हे काही खरं नाही.

आपल्या कीर्तनकारांना हे फार पूर्वीच उमगलं होतं. पूर्वरंगात निरूपण, मध्ये बुक्का आणि हार, मग उत्तररंगात आख्यान. नुसतं निरूपण केलं तर मंडळी पेंगतात. नुसतं आख्यान लावलं तर त्याचं नाटक होतं. पण दोन्ही रंगांना बुवा एकच असतो, आणि पूर्वरंगात जे मांडलं त्याच्या उलटं तो उत्तररंगात बोलत नाही. प्राध्यापकाने आख्यान जरूर लावावं. पेढाही ठेवावा आणि पोरही उभं करावं. मात्र सकाळी ज्या वाक्यावर त्याने विद्यार्थ्याला लाल शाईने ‘पुरावा?’ म्हणून विचारलं असतं, ते संध्याकाळी स्वतः छापायला देऊ नये. मग लेख थोडा गुळमुळीत झाला तर होऊ दे.

मी तर प्राध्यापकांना सुचवलंय, बाबांच्या शेजारी तुमचीही एक चिठ्ठी लावा : ‘मुलाची काळजी वाटते? बहुधा तो ठीक आहे. शंभर टक्के सांगता येत नाही. आधी त्याला विचारा.’ फोन फारसे येणार नाहीत, हे कबूल. पण पनवेल ते मुंबई एवढ्या गर्दीत एखादी आई ती चिठ्ठी वाचील, आणि घरी जाऊन कबूल केलेलं दुसरं चॉकलेट देऊन टाकील.

बहुधा.