परिपाठातले हात

बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की बिंदुसरा तलावाच्या अंगाला पाली लागते. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शाळांसारखा इथल्या पोरांचा दिवसही परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष आणि त्यात एक प्रार्थना. कुठे साने गुरुजींची, कुठे पसायदान, कुठे सरस्वतीची. गुरुजींनी ‘हात जोड’ म्हटले की रांगाच्या रांगा हात जोडतात. एखाद्या पोराने हात खालीच ठेवले तर?

प्रश्न उगाच उकरून काढलेला नाही. नाशिकच्या एका शाळेत 2007मध्ये एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत. संस्थेने ती बेशिस्त मानली आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. मुंबई उच्च न्यायालयाने 2013मध्ये निकाल दिला तो शिक्षकाच्या बाजूने. आधार होता संविधानाच्या अनुच्छेद 28(3)चा. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीवाचून उपासनेला बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची हवी. निव्वळ सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत तर धार्मिक शिक्षणालाच मनाई आहे. मग प्रार्थना हे धार्मिक शिक्षण की नुसता संस्कार? केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेवरून हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2019मध्ये दोन न्यायमूर्तींनी तो मोठ्या पीठापुढे ठेवावा असे म्हटले.

मराठवाड्याला मात्र याची उलटी बाजूही ठाऊक आहे. बीड निजामाच्या राज्यात होते तेव्हाची, 1938ची गोष्ट. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. बंदी आली. पोरांनी संप केला, त्यांची नावे कापली गेली आणि कितीतरी जण शिकायला नागपूर विद्यापीठात गेले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. तेव्हा म्हणू दिले नाही म्हणून आपली पोरे पेटली; आज म्हणायला लावले म्हणून एखादे पोर गप्प राहिले, तर मराठवाड्याने तरी त्याच्यावर डोळे वटारू नयेत.

केरळात तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढले होते. ती आदराने उभी राहत, पण त्यांच्या पंथामुळे गात नसत. 1986मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले.

‘एवढ्याने काय बिघडते?’ असे पालकच विचारतात. साने गुरुजींच्या प्रार्थनेत कोणा एका धर्माच्या देवाचे नाव नाही, हे खरेच. पण 1947मध्ये विठ्ठलाचे दार दलितांना उघडावे म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसलेल्या माणसाचे शब्द छडीच्या धाकाने म्हणवून घेणे विचित्रच दिसते.

वेरूळच्या सहलीला न्यायचे तर शाळा पालकांच्या सहीचे संमतीपत्र मागते. प्रार्थनेसाठी ते मागितल्याचे ऐकिवात नाही. पालीतल्या आणि आसपासच्या मुख्याध्यापकांनी येत्या पालकसभेत एवढे एक विचारून पाहावे, आणि ‘नको’ म्हणणाऱ्या पालकाच्या पोराला दुसऱ्या दिवशी वर्गात त्याबद्दल कुणी छेडणार नाही, याकडे स्वतः लक्ष द्यावे.